शिंके कोणाचे, बोका कोणाचा?

२०२४ च्या उन्हाळी सुट्टीत एक लठ्ठ, नारिंगी बोका भारतातील चित्रपटगृहांत अवतरला. १७ मे रोजी प्रदर्शित झालेल्या ‘द गारफिल्ड मूव्ही’ या ॲनिमेशनपटाला मुले हसली, त्यांच्या आईबापांनी तिकिटांचे आणि मक्याच्या लाह्यांचे पैसे मोजले, आणि सुट्टी संपली तसा बोकाही निघून गेला. यात वावगे मानण्याचे कारण नाही. मुलांनी हसावे हा त्यांचा हक्कच आहे. समाजवादाला हसण्याचे वावडे आहे असे समजणाऱ्यांना ना समाजवाद कळला, ना हसणे. प्रश्न हसणाऱ्या मुलांविषयी नाही. तो बोका कोणाच्या हातांनी हलला, त्याच्या वाट्याचे लोणी कोणी खाल्ले आणि ही मुले घरी ज्या भाषेत बोलतात त्या भाषेत तो का बोलला नाही, हा प्रश्न आहे. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी कार्यकर्त्यांना कॅलिफोर्नियापर्यंत जाण्याची गरज नाही. ती चर्चगेटहून सुटणाऱ्या भाईंदर लोकलच्या डब्यात, गोरेगाव आणि मिरा रोड या स्टेशनांच्या दरम्यान, दांडीला लोंबकळत उभी आहेत.

जन्मतःच विक्रीला

गारफिल्ड हा मुळात वृत्तपत्रातला जीव. जिम डेव्हिस या अमेरिकी चित्रकाराची ही चित्रमालिका १९ जून १९७८ रोजी ४१ वृत्तपत्रांत सुरू झाली. त्याआधी डेव्हिसने एका चिलटावर चित्रमालिका काढली होती; ती चालली नाही. तेव्हा त्याने बाजाराकडे पाहिले. कुत्र्यांच्या चित्रमालिका जोरात होत्या, मांजराची जागा मात्र रिकामी होती. ती जागा त्याने हेरली आणि भरली. बोका विकला जावा म्हणूनच तो असा घडवला, हे डेव्हिसने कधी लपवलेले नाही, आणि त्या प्रांजळपणाबद्दल त्याला दोष देता येणार नाही. १९८१ मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली. खेळणी, पेले, सदरे, मोटारीच्या काचेला चिकटवायची बाहुली अशा असंख्य वस्तूंवर बोका झळकला. व्याप वाढला तशी चित्रमालिकेतील रेषा पगारी चित्रकारांच्या हाती गेली. सही मात्र एकाचीच राहिली. २०१९ मध्ये व्हायाकॉम या बलाढ्य माध्यमसमूहाने ती सगळी कंपनीच विकत घेतली. म्हणजे आज गारफिल्डचा धनी त्याची रेषा काढणारा नाही, आणि ज्याने ती पहिल्यांदा काढली तोही नाही. धनी आहे तो भागभांडवलाचा एक गठ्ठा.

या बोक्याला सोमवारचा विलक्षण तिटकारा आहे. त्याच्या विनोदाचा अर्धा डोलारा या तिटकाऱ्यावर उभा आहे. वस्तुतः त्याला ना कामावर जायचे असते, ना गाडी पकडायची असते. सोमवारचा तिटकारा असतो तो रविवारी रात्री डबा भरून ठेवणाऱ्या माणसाला. श्रमिकाचा थकवा उचलून तो एका ऐतखाऊ प्राण्याच्या तोंडी घातला, की श्रमिक स्वतःच्या थकव्याला हसतो आणि त्या हसण्याचे पैसेही मोजतो. भांडवली करमणुकीची सारी किमया या एका युक्तीत सामावलेली आहे.

२०२४ च्या चित्रपटात तर याहून मौजेची गोष्ट आहे. त्यात एक दुग्धालय दाखवले आहे. पूर्वी ते साधे, आपुलकीचे होते. मोठी कंपनी ते ताब्यात घेते, त्या दुग्धालयाची ओळख असलेल्या बैलाला बाहेर काढते आणि त्याची जोडीदार गाय आत अडकून पडते. जमीन गिळणारे भांडवल आणि ताटातूट झालेले कुटुंब! लेखकांना सत्य दिसत नाही असे नाही. ते त्यांना चांगले दिसते. पण पुढे होते काय? बोका आणि त्याचा बाप धाडसी चोरीचा बेत आखतात, पळापळ होते, बैल आणि गाय एकत्र येतात आणि सगळे सुखाने घरी जातात. ती कंपनी तशीच राहते. अन्याय दाखवायचा, त्याचे अश्रू वसूल करायचे आणि अन्याय करणाऱ्याला धक्काही लावायचा नाही, ही या घराण्याची जुनी रीत आहे.

पडद्यामागचे हात

आता पडद्यामागे पाहावे. हा चित्रपट ‘डी-नेग’ या कंपनीच्या ॲनिमेशन विभागाने घडवला. नमित मल्होत्रा यांनी १९९७ मध्ये मुंबईत स्थापन केलेली ‘प्राइम फोकस’ आणि लंडनची ‘डबल निगेटिव्ह’ या दोन कंपन्या २०१४ मध्ये एकत्र आल्या, त्यातून आजची ही कंपनी उभी राहिली. मल्होत्रा स्वतः या चित्रपटाच्या निर्मात्यांपैकी एक आहेत. लंडनपासून मुंबईपर्यंत तिचे स्टुडिओ पसरलेले आहेत. सुमारे ६ कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने जगभरातून २५ कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला.

गारफिल्डची मुंबईशी ही पहिली ओळख नव्हे. २००४ आणि २००६ मध्ये त्याचे दोन चित्रपट आले होते. त्यांत माणसे खरी होती आणि बोका तेवढा संगणकावर घडवलेला होता. तो घडवणारी ‘रिदम अँड ह्यूज’ ही अमेरिकी कंपनी २००१ पासूनच मुंबईत स्टुडिओ चालवीत होती. तिचे पुढे काय झाले, हे प्रत्येक कार्यकर्त्याने मुखोद्गत करावे. ‘लाइफ ऑफ पाय’ या चित्रपटातला वाघ याच कंपनीच्या कामगारांनी जिवंत केला. फेब्रुवारी २०१३ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. अमेरिकेतील सुमारे अडीचशे कामगारांना घरी बसवण्यात आले. त्याच महिन्याच्या २४ तारखेला याच वाघासाठी ऑस्कर पारितोषिक मिळाले. सभागृहात टाळ्या चालू होत्या आणि बाहेर रस्त्यावर शेकडो कामगार निदर्शने करीत होते. पारितोषिक घेणारा कंपनीच्या हलाखीविषयी दोन शब्द बोलू लागला, तेव्हा वाद्यवृंद वाजवून त्याचा आवाज बुडवण्यात आला. वाघ गाजला, वाघ घडवणारे रस्त्यावर आले.

हा एखादा अपघात असता तर गोष्ट वेगळी. वृत्तपत्रातील आणखी एका प्रसिद्ध चित्रमालिकेवर, चार्ल्स शुल्झच्या ‘पीनट्स’वर, २०१५ मध्ये ‘ब्लू स्काय’ या स्टुडिओने ॲनिमेशनपट काढला. तो लहानथोरांना आवडला. २०१९ मध्ये डिस्नेने फॉक्स समूह विकत घेतला आणि त्याबरोबर हा स्टुडिओही त्याच्या पदरात पडला. २०२१ मध्ये डिस्नेने तो बंद केला. सुमारे साडेचारशे कामगारांची नोकरी गेली. २०२३ मध्ये हॉलिवूडचे लेखक आणि अभिनेते संपावर गेले, काम आटले, तेव्हा ‘डी-नेग’ने लंडनमधील कर्मचाऱ्यांपुढे तात्पुरत्या पगारकपातीचा प्रस्ताव ठेवल्याची वृत्ते प्रसिद्ध झाली. नफ्याच्या वर्षी कामगार हा ‘परिवार’ असतो. तोट्याच्या महिन्यात तो खर्चाची बाब ठरतो. कॅनडातील व्हँकूव्हर येथील शाखेच्या कामगारांनी पुढे संघटनेच्या बाजूने कौल दिला, हे मात्र लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पॉपायचा संप

या धंद्यातील कामगार संघटित होऊ शकत नाहीत, ते कलंदर असतात, स्वतंत्र वृत्तीचे असतात, असे सांगणाऱ्यांना इतिहास ठाऊक नाही. १९३७ साली न्यूयॉर्कच्या फ्लाइशर स्टुडिओतील कामगारांनी संप पुकारला. त्या काळी हा स्टुडिओ कशासाठी प्रसिद्ध होता? पालक खाऊन दंड फुगवणाऱ्या पॉपाय खलाशाच्या चित्रपटांसाठी. आणि पॉपाय कोठला? तोही १९२९ मध्ये वृत्तपत्रातील चित्रमालिकेत जन्मलेला! म्हणजे वृत्तपत्रातील चित्र पडद्यावर हलू लागले त्याच पिढीत ते हलवणाऱ्या हातांनी मूठ वळली होती. तो संप पाच महिने चालला आणि मालकाला संघटनेशी करार करणे भाग पडले. १९४१ मध्ये डिस्नेच्या स्टुडिओतही संप झाला आणि तेथेही संघटनेला मान्यता मिळाली.

मालकाने यातून धडा घेतला तो वेगळाच. १९३८ मध्ये फ्लाइशर बंधूंनी आपला स्टुडिओ न्यूयॉर्कहून उचलून मायामीला नेला. त्यामागे अनेक कारणे होती. पण संघटनेच्या पकडीतून सुटणे हे त्यांतले एक होते, हे सर्वमान्य आहे. तेव्हापासून हा धंदा सतत चालत आला आहे: जेथे मजूर संघटित तेथून उठायचे, जेथे मजूर स्वस्त आणि एकाकी तेथे बसायचे. न्यूयॉर्कहून मायामी, अमेरिकेहून आशिया. मुंबईच्या पश्चिम उपनगरांत हा धंदा आला तो येथील तरुणांच्या कौशल्यामुळे, असे गौरवाने सांगितले जाते. कौशल्य आहेच, त्याविषयी कोणाला शंका नाही. पण कौशल्य लंडनलाही होते. ग्यानबाची मेख अशी, की येथे ते स्वस्तात मिळते आणि मुकाट्याने मिळते.

मिठागरापासून माऊसपर्यंत

मिरा-भाईंदर हे शहर श्रमिकांच्या विस्थापनातून वाढले आहे. एके काळी येथे मिठागरे, भातखाचरे आणि कोळीवाडे होते. मग स्टीलच्या भांड्यांचे छोटे कारखाने आले. १९८५ मध्ये नगरपालिका आणि २००२ मध्ये महानगरपालिका झालेल्या या शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत आठ लाखांवर गेली होती. ही माणसे आली कोठून? कोकणातून आली, गुजरात-राजस्थानातून आली, उत्तरेतून आली, आणि फार मोठ्या संख्येने मुंबईच्या पोटातूनच बाहेर ढकलली गेली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगाव उठले. गिरण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे उभे राहिले आणि गिरणी कामगारांची घरे विरार-भाईंदरकडे सरकत गेली. त्या घरांतली पुढची पिढी साच्यावर उभी राहिली नाही. ती संगणकासमोर बसली.

गिरणीत ‘बदली कामगार’ असत. रोज सकाळी गेटवर उभे राहायचे, हजेरी कमी असेल तर आत घेतील, नाही तर घरी परतायचे. ॲनिमेशनच्या धंद्यात आज दुसरे काय चालते? एका चित्रपटापुरती नेमणूक. चित्रपट संपला की पुन्हा गेटवर. फरक इतकाच, की गेट दिसत नाही आणि बदली कामगाराला आता ‘आर्टिस्ट’ म्हणतात. खाजगी संस्थांत लाखोंची फी भरून, बहुधा कर्ज काढून, हा तरुण धंदा शिकतो. परदेशी मालकाची मुदत जवळ आली की रात्रीचा दिवस करतो. मिरा रोडची शेवटची गाडी चुकली तर स्टुडिओतच खुर्चीवर पाठ टेकतो. जादा तासांचे पैसे मागितले तर त्याला ‘आवड’ नाही असे म्हणतात. जणू आवड ही पगाराऐवजी देण्याची वस्तू आहे! आणि चित्रपटाच्या शेवटी नावांची लांबलचक यादी पडद्यावर सरकते तेव्हा त्यात आपले नाव असेलच, याचीही त्याला शाश्वती नसते. बोक्याच्या अंगावरचा एकेक केस वाऱ्यावर कसा हलावा हे ज्याने ठरवले, त्याचे नाव घेण्याइतकीही जागा शिल्लक राहत नाही.

‘कलाकार’ हा शब्द येथे गौरवाचा नाही, तो फसवणुकीचा आहे. कलाकार म्हटले की तास मोजायचे नाहीत, संघटना करायची नाही, कायदा विचारायचा नाही. वस्तुतः १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानेही कुशल आणि तांत्रिक काम करणाऱ्याला कामगारच मानले होते, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रमसंहितांतही ते शब्द आहेत. या संहितांनी मुदतबंद नेमणुकीला राजमान्यता देऊन बदली पद्धत नव्या पोशाखात परत आणली, हा भाग निराळा. पण संगणकावर काम करणारा हा कामगार नव्हे, असे कोणताही कायदा म्हणत नाही. म्हणतो तो मालक, आणि दुर्दैवाने पुष्कळदा तो कामगार स्वतःच.

आयजीच्या जिवावर बायजी उदार

सरकारची भूमिका काय? २०२५ च्या १ मे रोजी, महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन असलेल्या त्या दिवशी, मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात ‘वेव्हज’ नावाच्या दृक्‌श्राव्य उद्योगाच्या जागतिक मेळ्याचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. मुहूर्त कामगार दिनाचा, मांडव उद्योगपतींचा! त्या मेळ्यात महाराष्ट्र सरकारने कोट्यवधींचे सामंजस्य करार केले. त्यांतला एक ३,००० कोटी रुपयांचा करार प्राइम फोकसशी होता. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, दृश्यपरिणाम आणि गेमिंग या उद्योगांसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले आणि २०५० पर्यंतच्या काळासाठी ३,२६८ कोटी रुपयांची योजना जाहीर केली. आणि त्याच सप्टेंबरात याच मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापनांतील दैनिक कामाची मर्यादा ९ तासांवरून १० तासांवर नेण्यास मंजुरी दिली. एका हाताने मालकाला अनुदान, दुसऱ्या हाताने कामगाराला एक तास जादा! दोन्ही निर्णय एकाच महिन्यात झाले यात योगायोग शोधण्याचे कारण नाही. ते एकाच धोरणाचे दोन पाय आहेत.

या खिरापतीच्या आधी काय काय मोडले गेले, तेही सांगितले पाहिजे. स्वतंत्र भारताने १९५५ मध्ये मुलांच्या चित्रपटांसाठी बालचित्र समिती स्थापन केली. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ मध्ये व्यंगचित्रपटांचा विभाग सुरू झाला. राम मोहन यांच्यासारखे या क्षेत्रातील आद्य कलावंत तेथेच घडले. या संस्थांत दोष नव्हते असे नाही. लालफीत होती, सुस्ती होती, डबाबंद होऊन पडलेले चित्रपट होते. पण तेथे मूल हे गिऱ्हाईक नव्हते. २०२२ मध्ये या दोन्ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करून त्यांचे स्वतंत्र अस्तित्व संपवण्यात आले. शिंके तुटले आणि बोक्याचे फावले, असे म्हणतात. येथे शिंके आपोआप तुटलेले नाही. ते शिडी लावून खाली उतरवले गेले आणि बोक्यापुढे ठेवले गेले.

दोन मांजरे आणि माकड

आता भाषेचा प्रश्न. २०२५ च्या जुलैच्या प्रारंभी मिरा रोडचे नाव देशभर गाजले. मराठी बोलण्यावरून झालेल्या वादात महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या कार्यकर्त्यांनी एका दुकानदाराच्या थोबाडीत मारली. व्यापाऱ्यांनी बंद पाळून मोर्चा काढला. ८ जुलैला मराठीच्या बाजूने मोर्चा निघाला, त्याला पोलिसांनी परवानगी नाकारली आणि धरपकड केली. पहिलीपासून हिंदी लादण्याच्या शासन निर्णयाने लोक आधीच संतापलेले होते. तो निर्णय २९ जूनला मागे घ्यावा लागला, हा जनमताचा विजयच होता. मराठी माणसाचा तो संताप खरा होता. त्याला तुच्छ लेखणारे शहाणे उंटावरून शेळ्या हाकतात. पण खरा संताप चुकीच्या दारात नेऊन सोडणे हे राजकारण जुने आहे. दोन मांजरे लोण्यासाठी भांडत राहिली आणि न्याय करायला बसलेल्या माकडाने लोणी मटकावले, ही गोष्ट मराठी मूल आजीच्या मांडीवर ऐकते. मिरा रोडचा मराठी कारकून आणि राजस्थानातून आलेला दुकानदार ही ती दोन मांजरे. माकड तेव्हा वांद्रे-कुर्ला संकुलात करारांवर सह्या करून मोकळे झाले होते.

कारण प्रश्न असा आहे: त्या गदारोळात कोणी विचारले काय, की मिरा रोडच्या मराठी मुलाला सुट्टीत मराठी ॲनिमेशनपट का पाहायला मिळत नाही? गारफिल्ड भारतात आला तो इंग्रजी बोलत आला. हिंदीत त्याला वरुण शर्मा या नटाने आवाज दिला. मराठीत तो बोललाच नाही. जो बोका हलवण्यात मुंबईचे हात आहेत, त्याच्या तोंडी मुंबईची भाषा नाही. दुकानाच्या पाटीवर मराठी नसेल तर दगड उचलणारे हात येथे मात्र खिशात असतात. कारण येथे समोर किरकोळ दुकानदार नसतो, अब्जावधींचे भांडवल असते.

आणि मराठीजवळ काही नाही म्हणून असे झाले काय? दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ काढून निर्जीव काड्या पडद्यावर नाचवल्या. पुण्याच्या प्रभात कंपनीने १९३४ मध्ये ‘जंबू काका’ हा व्यंगचित्रपट काढला. वृत्तपत्रीय चित्रमालिकाही मराठीत आहे: प्रभाकर वाडेकर आणि चारुहास पंडित यांचा ‘चिंटू’ १९९१ पासून घरोघरी पोहोचला. गारफिल्डच्या घरात नसलेले सारे चिंटूच्या जगात आहे: वाड्या-सोसायटीतले सवंगडी, परीक्षा, पाहुणे, आईचा ओरडा, बाबांचा पगार. तो पडद्यावर आला २०१२ आणि २०१३ मध्ये, पण प्रत्यक्ष बालनटांच्या रूपाने. रेषेतला चिंटू रेषेतच पूर्ण लांबीच्या चित्रपटात हलला नाही. चित्रमालिका मराठीत आहे, ती हलवू शकणारे हात गोरेगाव-मालाडला कामाला जातात, पाहणारी मुले मिरा-भाईंदरला आहेत. तिघांची गाठ पडू न देणारे जे काही मधे उभे आहे, त्याचे नाव मालकी.

यावर हिशेबी माणसे म्हणतील: ॲनिमेशन महाग, मराठीची बाजारपेठ लहान, हे परवडत नाही. तेव्हा त्यांनी दुसऱ्या एका मांजराकडे पाहावे. लाटव्हिया हा वीस लाखांहूनही कमी वस्तीचा देश. मिरा-भाईंदरसारखी दोन-अडीच शहरे एकत्र केली की लाटव्हिया झाला. तेथील गिंट्स झिलबालोडिस या तरुण दिग्दर्शकाने ‘फ्लो’ हा एका काळ्या मांजराचा चित्रपट ‘ब्लेंडर’ या सर्वांना फुकट उपलब्ध असलेल्या संगणक-प्रणालीवर घडवला. त्याला लाटव्हियाच्या सार्वजनिक चित्रपट निधीचे आणि फ्रान्स-बेल्जियममधील भागीदारांचे साहाय्य होते. खर्च सुमारे ३५ लाख युरो, म्हणजे ३५ कोटी रुपयांच्या आतबाहेर. २ मार्च २०२५ रोजी त्याने हॉलिवूडच्या दिग्गजांना मागे टाकून सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर पटकावले. महाराष्ट्राने जाहीर केलेल्या ३,२६८ कोटींत असे नव्वदच्या वर चित्रपट होऊ शकतात. पैसा नाही, हे खरे नाही. पैसा आहे, तो मुलासाठी आणि भाषेसाठी नाही, एवढेच.

काहीजण असेही म्हणतील, की संघटना केली तर धंदा दुसरीकडे निघून जाईल. ही धमकी न्यूयॉर्कच्या कामगारांनी १९३७ मध्ये ऐकली होती, गिरणगावानेही ऐकली होती. धंदा पळतो तो संघटना आहे म्हणून नव्हे, तर दुसऱ्या टोकाला संघटना नाही म्हणून. व्हँकूव्हर संघटित होते आणि मुंबई मुकी राहते, तेव्हा मुंबईचा कामगार व्हँकूव्हरच्या कामगाराच्या पाठीत वार करण्याचे हत्यार म्हणून वापरला जातो. उद्या मुंबईच्या पाठीत वार करण्यासाठी आणखी स्वस्त शहर शोधले जाईल, किंवा ते काम यंत्राच्या बुद्धीकडे सोपवले जाईल. जगातील कामगारांनो एक व्हा, हे वाक्य ज्यांना जुने वाटते, त्यांनी एका चित्रपटाचे काम किती देशांत वाटलेले असते ते पाहावे. त्या वाक्याची इतकी रोकडी गरज यापूर्वी क्वचितच कोणत्या धंद्यात होती.

कार्यकर्त्यांपुढील काम

तेव्हा निषेधाचे ठराव पुरेसे नाहीत. मिरा-भाईंदरमधील कार्यकर्त्यांनी पहिले काम करावे ते मोजणीचे: शहरातून किती तरुण-तरुणी या स्टुडिओंत कामाला जातात, नेमणुकीचा कागद कोणाला मिळतो, जादा तासांचा मोबदला कोणाला मिळतो. ही माणसे सभेला येणार नाहीत. कार्यकर्त्यांनी त्यांच्या गाडीला गेले पाहिजे, रात्री अकराच्या लोकलला. दुसरे काम मागणीचे. ज्या कंपनीला सरकारी अनुदान हवे, तिने कायद्याने ठरवलेले तास पाळावेत, जादा कामाला दुप्पट दर द्यावा, लेखी करार करावा, चित्रपटावर काम केलेल्या प्रत्येकाचे नाव पडद्यावर द्यावे आणि संघटनेशी बोलण्यास बांधील राहावे. या अटींवाचून एक रुपयाही देऊ नये. तिसरी मागणी भाषेची. त्याच निधीतून निश्चित वाटा मराठी मुलांच्या ॲनिमेशनपटांसाठी राखून ठेवावा. तो कलावंत आणि कामगार यांच्या सहकारी संस्थांना मिळावा, आणि तयार झालेले चित्रपट महानगरपालिकेच्या शाळांत फुकट दाखवले जावेत. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’वरून आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये काढलेल्या चित्रपटाला पहिल्याच राष्ट्रीय पारितोषिकांत सुवर्णपदक मिळाले होते. मराठी मुलासाठी, मराठी कथेवर, मराठी भांडवलदाराच्या कृपेवाचून चित्रपट होऊ शकतो, हे तेव्हा सिद्ध झाले आहे.

उंदरांच्या सभेची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. मांजराच्या गळ्यात घंटा बांधावी असे ठरले, पण बांधणार कोण या प्रश्नावर सभा उठली. उंदरांचे काय चुकले? काहीच नाही, ते मांजर त्यांनी घडवलेले नव्हते. हा बोका मात्र कामगारांनी केसाकेसाने घडवला आहे. त्याची मान कोठे वळते, पंजा कोठे पडतो, डोळा केव्हा मिटतो, हे त्यांच्यावाचून कोणालाच ठाऊक नाही. ज्या हातांनी मान रेखली, त्या हातांना घंटा बांधणे अवघड नाही. ते हात अजून एकेकटे आहेत, एवढीच बोक्याची ताकद.